बूट बदलायचे आहेत? मग सहा महिने काढा!

गणपती विसर्जन झालं, पाऊस ओसरायला लागला की शहरातल्या पळणाऱ्यांचा हंगाम सुरू होतो. जानेवारीत मुंबई मॅरेथॉन असते. तिच्या आगेमागे गावोगावी १० आणि २१ किलोमीटरच्या शर्यती असतात. पहाटे साडेपाचपासून मैदानं, टेकड्या, तळ्याकाठचे रस्ते माणसांनी भरून जातात. पंधरा-वीस वर्षांपूर्वी हे चित्र नव्हतं. डॉक्टर म्हणून मला त्याचा आनंदच आहे.

पण याच दिवसांत दवाखान्यात एक ठरावीक तक्रार वाढते. "डॉक्टर, पायाच्या वरच्या बाजूला, बोटांच्या मागे दुखतंय. पाऊल टेकलं की कळ येते." किंवा, "टाचेच्या मागची शीर सकाळी उठल्यावर आखडलेली असते, पहिली दहा-पंधरा पावलं लंगडत जातो." वय बहुतेक चाळिशीतलं. मार लागलेला नाही, पाय मुरगळलेला नाही. मग मी विचारतो, "बूट कधी बदललेत?" उत्तर ठरलेलं असतं. "महिना झाला. ग्रुपमधल्या सरांनी सांगितलं, जाड तळाचे बूट पायाची वाट लावतात. पातळ तळाचे घ्या. दोन आठवड्यांत सवय होते."

ही 'दोन आठवड्यांत सवय होते' ही थाप आहे. आज मला तिच्याबद्दल स्पष्ट बोलायचं आहे.

मी अस्थिरोगतज्ज्ञ नाही, जनरल फिजिशियन आहे. माझ्याकडे येणारे बरेचसे 'धावपटू' हे आधी मधुमेहाचे, रक्तदाबाचे, वाढलेल्या वजनाचे रुग्ण असतात. वर्षानुवर्षं मागे लागल्यावर कुठे ते चालायला आणि मग पळायला लागलेले असतात. अशा माणसाच्या पायाच्या हाडाला चीर गेली की सहा ते आठ आठवडे पळणं बंद. साखर वाढते, वजन परत येतं, आणि त्याहून वाईट म्हणजे "आपल्याला हे झेपत नाही" असं मनात बसतं. त्यातले कितीतरी जण पुन्हा मैदानावर दिसत नाहीत. चीर भरून येते, पण मोडलेली सवय भरून येत नाही. म्हणून हा विषय माझा आहे.

पातळ तळाचे बूट म्हणजे काय?

नेहमीच्या रनिंग शूजमध्ये टाचेखाली जाड गादी असते आणि टाच चवड्यापेक्षा साधारण ८ ते १२ मिलिमीटर उंच असते. या फरकाला दुकानदार 'ड्रॉप' म्हणतात. मिनिमलिस्ट किंवा बेअरफूट शूज म्हणून जे विकले जातात त्यात हा फरक शून्य ते ४ मिलिमीटर असतो. तळ पातळ आणि सहज वाकणारा, वजन कमी, बोटांना पसरायला जागा, आणि पाऊल आत-बाहेर कलू नये म्हणून लावलेले कसलेही आधार नाहीत. थोडक्यात, पाय झाकायचा पण त्याच्या कामात लुडबुड करायची नाही, ही कल्पना.

कल्पना चांगली आहे. माझा त्या बुटांना विरोध नाही. पुढचं वाचताना हे लक्षात ठेवा.

हे वेड आलं कुठून?

२००९ मध्ये ख्रिस्तोफर मॅकडूगल या अमेरिकन पत्रकाराचं 'बॉर्न टू रन' हे पुस्तक आलं. मेक्सिकोच्या डोंगरदऱ्यांत साध्या वहाणा घालून मैलोन्‌मैल पळणाऱ्या रारामुरी लोकांची ती गोष्ट. पुस्तक जगभर खपलं. २०१० मध्ये हार्वर्डचे प्राध्यापक डॅनिएल लिबरमन यांचा निबंध 'नेचर' या नियतकालिकात आला. लहानपणापासून अनवाणी पळणारे लोक चवड्यावर किंवा मधल्या पावलावर उतरतात, त्यामुळे टाचेवर उतरताना बसणारा पहिला हिसका त्यांना जवळपास बसत नाही, असं त्यांनी मोजून दाखवलं.

या निबंधाच्या नावाने आजही रील्स फिरतात. त्यात दोन गोष्टी सांगितल्या जात नाहीत. पहिली, ते लोक बालपणापासून अनवाणी पळत होते. दुसरी, निबंधात हिसका मोजला होता, दुखापती नाही. "अनवाणी पळाल्याने दुखापत कमी होते" हे वाक्य लोकांनी आपल्या पदरचं घातलं.

मग पाच बोटांच्या बुटांची लाट आली. ते बनवणाऱ्या व्हायब्रम कंपनीने पायाचे स्नायू बळकट होतात, दुखापती कमी होतात असे दावे जाहिरातीत केले. अमेरिकेत ग्राहकांनी कंपनीला कोर्टात खेचलं. २०१४ मध्ये कंपनीने चूक मान्य न करता ३७.५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. तिकडे लाट ओसरली आणि उलट टोकाला जाऊन ढगासारख्या जाड गादीचे बूट आले. आपल्याकडे मात्र आता मोबाइलवरून तीच जुनी लाट नव्याने आली आहे, आणि तेच जुने दावे घेऊन आली आहे.

पायात नेमकं काय बदलतं?

पळताना प्रत्येक पावलाला आपल्या वजनाच्या दुपटी-तिपटीएवढा जोर जमिनीवर पडतो. हा जोर कुठेतरी जाणारच. जाड टाचेच्या बुटात तुम्ही टाचेवर उतरता आणि गुडघ्याला जास्त काम पडतं. पातळ तळाच्या बुटात पाऊल आपोआप आखूड पडतं, तुम्ही चवड्याकडे सरकता. गुडघ्यावरचा ताण कमी होतो, हे खरं आहे. पण तो ताण हवेत विरत नाही. तो पोटरी, टाचेमागची मोठी शीर म्हणजे अकिलीस टेंडन, आणि चवड्याच्या लांब बारीक हाडांवर जातो.

गुडघ्याचं ओझं उचलून घोट्याखाली ठेवलं, एवढाच हा व्यवहार आहे. ज्याचा गुडघा कुरकुरतो आणि पोटरी दणकट आहे त्याला हा सौदा फायद्याचा. ज्याची पोटरी वीस वर्षं खुर्चीत बसून आखडली आहे त्याला तोट्याचा. दोघांना एकच सल्ला देणारा माणूस तुमच्या पायाकडे बघत नसतो, स्वतःच्या आवडीकडे बघत असतो.

हाड घाई करत नाही

हा भाग नीट वाचा, कारण सगळी मेख इथे आहे.

हाड म्हणजे निर्जीव काठी नव्हे. त्यात दोन प्रकारच्या पेशी सतत काम करतात. एक जुनं हाड खरवडून काढतात, दुसऱ्या तिथे नवं भरतात. हाडावर नव्या प्रकारचा ताण आला की शरीर ते हाड नव्याने बांधायला घेतं. पण आधी खरवडणं होतं. ते काही आठवड्यांत उरकतं. भरणं आणि ते पक्कं होणं याला तीन-चार महिने लागतात. म्हणजे मधल्या काळात ते हाड पूर्वीपेक्षाही कमकुवत असतं. आपल्याकडे काँक्रीटसाठी रस्ता उखडतात ना, तसंच. उखडून झालाय, नवा अजून ओतलेला नाही, आणि तुम्ही त्यावरून ट्रक सोडलात तर काय होईल?

स्नायूंचं तसं नसतं. पातळ बूट घातल्यावर पहिले पंधरा-वीस दिवस पोटऱ्या भरून येतात, जिना उतरताना जीव जातो. मग ते दुखणं थांबतं. माणूस म्हणतो, "झाली सवय!" आणि अंतर वाढवतो. सवय झालेली असते ती स्नायूंना. हाड त्या वेळी उखडलेल्या रस्त्यासारखं असतं. 'दोन आठवड्यांत सवय होते' हे वाक्य धोकादायक आहे ते यासाठी. पोटरीच्या बाबतीत ते जवळपास खरं वाटतं, आणि म्हणूनच माणूस फसतो.

हे काही आजचं ज्ञान नाही. १८५५ साली, क्ष-किरणांचा शोध लागायच्या ४० वर्षं आधी, प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टरांनी कवायत करणाऱ्या सैनिकांचे सुजलेले, दुखणारे पाय वर्णन करून ठेवले. त्यालाच पुढे 'मार्च फ्रॅक्चर' हे नाव पडलं. एकदाच बसलेल्या फटक्याने न मोडता, छोट्या ताणाच्या हजारो फेऱ्यांनी हाडाला जाणारी ही चीर. आज तिला आपण स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतो.

२०१३ मध्ये अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या संशोधकांनी हा प्रश्न थेट तपासला. ३६ अनुभवी धावपटू घेतले. काहींना पाच बोटांचे पातळ बूट दिले, बाकीच्यांना त्यांचे नेहमीचेच ठेवले. पातळ बूटवाल्यांनी एकदम बदल केला नाही. पहिल्या आठवड्यात एक छोटी धाव, मग थोडंथोडं वाढवत, असे १० आठवडे. आधी आणि नंतर पायाचे एमआरआय काढले. पातळ बुटांच्या गटातल्या १९ पैकी १० जणांच्या पायाच्या किमान एका हाडात सूज वाढलेली दिसली. हाडातली ही सूज म्हणजे चिरेच्या आधीची पायरी असू शकते.

हे नवशिके नव्हते, अनुभवी धावपटू होते. त्यांनी हळूहळू बदल केला होता आणि त्यांना १० आठवडे मिळाले होते. तरी निम्म्याहून जास्त जणांच्या हाडांनी कुरकुर केली. मग ८२ किलो वजनाच्या, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या, वर्षभरापूर्वी पळायला लागलेल्या माणसाला दोन आठवडे पुरतील, हे कुठल्या हिशेबाने? वजनाचा मुद्दाही तपासला गेला आहे. २०१७ च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात ६१ धावपटूंवर २६ आठवडे लक्ष ठेवलं. पातळ बुटात जास्त वजनाच्या धावपटूंना दुखापतीचा धोका जास्त होता.

"पण डॉक्टर..."

"आपले आजोबा अनवाणीच फिरायचे की!" फिरायचे. पाय टाकायला लागल्यापासून फिरायचे, शेतातल्या मातीत फिरायचे, आणि ६० किलोच्या आत असायचे. तालमीतला पैलवान लाल मातीत अनवाणी बैठका मारतो, पण तो वयाच्या दहाव्या वर्षापासून मारतो. बारामतीच्या शर्यतीत नऊवारी नेसून अनवाणी धावलेल्या लताबाई करे आठवत असतील. त्यांनी आदल्या महिन्यात बूट सोडले नव्हते, त्यांचं आयुष्यच कष्टाचं होतं. लहानपणी पाय मोकळे ठेवण्याचा फायदा होतो यात शंका नाही. १९९२ मध्ये कर्नाटकातल्या डॉक्टरांनी २३०० मुलांचे पाय तपासले. बूट-चप्पल वापरणाऱ्या मुलांत सपाट पाय ८.६ टक्के होते, अनवाणी मुलांत २.८ टक्के. म्हणून नातवंडांना अंगणात, मैदानावर मनसोक्त अनवाणी खेळू द्या. पण नातवाला लागू होतं ते पन्नाशीच्या आजोबांना महिन्याभरात लागू होत नाही. आणि अनवाणी दिवस काही सोन्याचे नव्हते. अनवाणी पायातूनच हुकवर्म शिरायचे आणि माणसं रक्तक्षयाने पांढरी पडायची, हेही त्याच काळात होतं.

"अबेबे बिकिला अनवाणी मॅरेथॉन जिंकला!" जिंकला. १९६० साली, रोममध्ये. आणि चार वर्षांनी टोकियोत तोच बिकिला बूट घालून पुन्हा जिंकला. यातून बुटाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. बिकिलाबद्दल मात्र बरंच होतं.

"मिलिंद सोमण पन्नाशी उलटल्यावर अनवाणी धावतो!" तो राष्ट्रीय पातळीवरचा जलतरणपटू होता आणि गेली कित्येक वर्षं सातत्याने धावतो आहे. त्याच्याकडून सातत्य घ्या. पाय त्याचे आहेत, ते उसने मिळत नाहीत.

"म्हणजे तुम्ही महागड्या गादीच्या बुटांची वकिली करताय!" अजिबात नाही. २०२२ मध्ये कोक्रेन या संस्थेने उपलब्ध अभ्यास एकत्र करून तपासले. ११ हजारांहून अधिक माणसांवरचे १२ प्रयोग. निष्कर्ष असा की, कुठल्याही एका प्रकारच्या बुटाने पळण्याच्या दुखापती कमी होतात असं बहुतांश पुरावा दाखवत नाही. म्हणजे "तुमचा पाय आत कलतो, हा १५ हजारांचा बूट घ्या, गुडघे वाचतील" असं सांगणारा दुकानदारही थापच मारतोय. दोन्ही बाजूंचे विक्रेते तुम्हाला एकच गोष्ट विकतात, की उत्तर बुटात आहे.

कुणी या वाटेला जाऊच नये?

बूट बदलायच्या आधी ही यादी वाचा. यातलं काही लागू होत असेल तर आधी डॉक्टरांना भेटा.

मधुमेह असून पायाला मुंग्या, बधिरपणा, जळजळ असणारे. देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत, असं आयसीएमआरच्या २०२३ च्या अभ्यासात दिसलं आहे. त्यातल्या अनेकांच्या तळव्याची जाणीव कमी झालेली असते आणि त्यांना ते माहीतही नसतं. पातळ तळाच्या बुटाचं सगळं तत्त्व 'पायाला जमीन कळली पाहिजे' यावर उभं आहे. ज्याच्या पायाला खडाच कळत नाही, त्याच्यासाठी हा बूट म्हणजे जखमेला आमंत्रण. मधुमेह्यांना दगडगोट्यांवरून अनवाणी चालवणारे 'निसर्गोपचार' मी पाहतो तेव्हा माझा संताप होतो. पायाच्या एका न दिसलेल्या फोडापासून बोट कापण्यापर्यंतचा प्रवास फार लांबचा नसतो.

घरी करायची एक सोपी तपासणी सांगतो. डोळे मिटून पडा. घरातल्या कुणाला तरी तुमच्या दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला बोटाने अगदी हलका, एक-दोन सेकंद स्पर्श करायला सांगा. दाबायचं नाही, टोचायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त स्पर्श कळले नाहीत, तर पातळ बूट विसरा आणि पायाची तपासणी करून घ्या.

पाळी थांबलेल्या स्त्रिया, हाडं ठिसूळ असलेले, पूर्वी स्ट्रेस फ्रॅक्चर झालेले, दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेणारे. यांच्या हाडाला चूक पचवायला जागाच कमी असते.

पोलीस भरती, अग्निवीरची तयारी करणाऱ्या मुली. पोरींनो, स्ट्रेस फ्रॅक्चर मुलांपेक्षा मुलींत जास्त होतात. जेवण कमी आणि सराव जास्त असेल, पाळी चुकायला लागली असेल, तर तो धोक्याचा कंदील आहे. अशा वेळी बुटाचे प्रयोग नकोत.

नुकतेच सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन अशा गोळ्या घेतलेले. ही या यादीतली सर्वांत दुर्लक्षित ओळ आहे. जुलाब झाले, लघवीला जळजळ झाली की आपल्याकडे ही प्रतिजैविकं थेट औषधाच्या दुकानातून आणून खाल्ली जातात. या गटातल्या औषधांमुळे टाचेमागची शीर दुखावू शकते, तुटूही शकते. साठीच्या पुढे आणि सोबत स्टेरॉइड चालू असेल तर धोका आणखी वाढतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८ मध्येच याबद्दल सर्वांत कडक पातळीचा इशारा दिला. हा परिणाम गोळ्या संपल्यावर काही महिन्यांपर्यंतही दिसू शकतो. अशा वेळी पोटरीवर नवा ताण टाकायचा नाही.

टाच किंवा अकिलीसची शीर आत्ता दुखत असलेले. आधी बरे व्हा.

मग करायचं कसं?

ज्यांना वरचं काही लागू नाही, त्यांनी जरूर करावं. बूट हे औषध समजा. औषधाला मात्रा असते आणि ती वाढवायची गती असते. रक्तदाबाची गोळी आपण हळूहळू वाढवतो, तसंच.

१. पहिला महिना: पळणं जुन्याच बुटात. नव्या बुटात फक्त चालायचं, रोज २० ते ३० मिनिटं. याला कमी लेखू नका. पातळ बुटात नुसतं चालण्यानेही पायाचे छोटे स्नायू बळकट होतात, हे २०१९ च्या एका अभ्यासात आठ आठवड्यांत दिसलं आहे. म्हणजे ज्या फायद्यासाठी बूट घेतलात त्यातला मोठा वाटा न पळताच मिळतो. सोबत पंचा जमिनीवर पसरून पायाच्या बोटांनी ओढण्याचा व्यायाम करा.

२. दुसरा महिना: पोटरी तयार करा. चालणं तासाभरापर्यंत न्या. भिंतीला हात टेकून एका पायावर उभं राहा, टाच उचला, सावकाश खाली आणा. प्रत्येक पायावर सलग २० ते २५ वेळा, न थांबता जमेपर्यंत पळण्याचं नाव काढू नका. जिममध्ये वजन उचलताना, बैठका मारताना सपाट पातळ बूट घालायला हरकत नाही. तिथे पाय स्थिर असतो आणि पकड चांगली मिळते. पण दोरीवरच्या उड्या, बर्पी, बॉक्स जंप या बुटात आत्ता नकोत. त्या पळण्याइतक्याच, किंबहुना जास्त जोराच्या आहेत.

३. तिसरा महिना: पहिली धाव. आठवड्यातून दोनदा, ४०० मीटर. मातीच्या मैदानावर, काँक्रीटवर नाही. बाकीचं अंतर जुन्या बुटात. लागोपाठ दोन दिवस पातळ बुटात पळायचं नाही. पाऊल आखूड आणि भरभर टाका. मुद्दाम चवड्यावर नाचत पळू नका, टाचही अलगद टेकू द्या.

४. चौथा ते सहावा महिना: मोजून वाढवा. दर आठवड्याला जास्तीत जास्त ३०० ते ४०० मीटर वाढ. चौथ्या आठवड्यात वाढ नाही, उलट थोडी कपात. सहा महिन्यांअखेर एकूण अंतराच्या पाव ते एक तृतीयांश धाव पातळ बुटात होत असेल, तर उत्तम चाललंय.

आणि जुने बूट फेकू नका. शंभर टक्के पातळ बुटातच पळलं पाहिजे असा कुठलाही नियम नाही. लक्झेंबर्गमध्ये २६४ धावपटूंवर २२ आठवडे लक्ष ठेवलं, तेव्हा आलटून पालटून वेगवेगळे बूट वापरणाऱ्यांत दुखापतीचा धोका ३९ टक्के कमी दिसला. रोज त्याच हाडावर तोच ताण येत नाही, हे त्याचं कारण असावं.

थांबायचं कधी?

दोन्ही पोटऱ्या सारख्याच भरून आल्या, दोन दिवसांत मोकळ्या झाल्या, तर काळजी नाही. पण

- दुखणं एकाच पायात आहे आणि एका बोटाने "इथे" असं दाखवता येतं,
- पावलाच्या वरच्या बाजूला सूज आहे,
- विश्रांती घेतानाही किंवा रात्री ठणकतं,
- रोज पळताना आदल्या दिवसापेक्षा लवकर दुखायला लागतं,

यातलं एक जरी असेल तर त्याच दिवशी पळणं बंद आणि डॉक्टरकडे. एक्स-रे नॉर्मल आला म्हणून खूश होऊ नका. स्ट्रेस फ्रॅक्चर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेवर बहुतेक वेळा दिसतच नाही. दुखणं बोलत असेल तर फिल्मपेक्षा दुखण्यावर विश्वास ठेवा. गरज पडली तर डॉक्टर एमआरआय सांगतील.

पोटरीवर मागून कुणी काठी मारल्यासारखं वाटलं, 'फट्' असा आवाज आला आणि चवड्यावर उभंच राहता येईना, तर शीर तुटली असण्याची शक्यता आहे. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि कृपा करून वेदनाशामक गोळी खाऊन पळू नका. ती दुखणं झाकते, चीर वाढू देते, आणि घामाने शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना मूत्रपिंडावर वार करते.

शेवटी, ग्रुप चालवणाऱ्यांना

तुम्ही मोठं काम करता. चाळिशीतल्या माणसाला पहाटे अंथरुणातून बाहेर काढणं आम्हा डॉक्टरांना जमलं नाही, ते तुम्हाला जमलं. म्हणूनच तुमच्या शब्दाला वजन आहे, आणि म्हणूनच तो जपून टाका. कुणालाही बूट बदलायला सांगण्याआधी तीन प्रश्न विचारा: शुगर आहे का? पूर्वी पायाचं हाड किंवा शीर दुखावली होती का? आणि पुढची शर्यत कधी आहे?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'दहा आठवड्यांनी' असेल, तर सल्ला एकच. यंदाची शर्यत जुन्या बुटात पळा. नवे बूट घेतले असतील तर ते घालून रोज भाजी आणायला जा. पळण्याचं फेब्रुवारीत बघू.

*(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या पायाबद्दलचा निर्णय तुमच्या डॉक्टरांनी पाय तपासूनच घ्यायचा आहे.)*